सोनेरी शिक्क्याचं झाकण

रिमोटवर चालणारा रणगाडा दादाचा. पक्षाघातानंतर फिजिओथेरपिस्टने त्याला उजव्या हाताने दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता. तो त्याने सोफ्याखाली सरकवून दिला. रिमोटची दांडी मात्र तो कुणी न सांगता अंगठ्याने तासभर हलवायचा. मग रोडपालीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यावरून रणगाडा गडगडला, खालचा सांगाडा आणि वरचं झाकण दोन्ही फुटली, आणि त्या दिवसापासून अंगठाही स्वस्थ बसला.

मूळ कंपनीचे सुटे भाग आता मिळत नाहीत. म्हणून खालचा धातूचा सांगाडा एका विक्रेत्याकडून मागवला, वरचं प्लास्टिकचं झाकण दुसऱ्याकडून. सांगाडा आला वर्तमानपत्रात गुंडाळून. झाकणाबरोबर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र होतं आणि खाली कुणाची तरी वळणदार सही. माझ्या लग्नाची पत्रिकाही इतक्या थाटाची नव्हती.

पुढचे दोन स्क्रू बसले. मागची भोकं काडीभर चुकली. प्रमाणपत्रांना मी जन्मभर हसत आलोय, तरी कानस चालवली ती वर्तमानपत्रातून आलेल्या सांगाड्यावरच. भोकं लांबट झाली. झाकण तरीही बसेना.

शेवटी दोन्ही भाग पिशवीत घालून मोरा बंदरावर गेलो. दादा बंदरात नोकरीला होता तेव्हापासूनच्या ओळखीचा एक कोळी फिटर तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.

"ठेवून जावा, उद्या या," तो म्हणाला.

सांगाड्यात चाकं फिरवणाऱ्या दोन चांगल्या मोटारी होत्या. उद्या त्याच परत मिळतील याची खात्री काय? "थांबतो," म्हणालो आणि उपड्या क्रेटवर बसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कारण कळलं असावं.

त्याने सांगाडा आधी सपाट काचेवर ठेवून पाहिला, तो कुठेच डुलला नाही. मग काजळी तेलात कालवली, सांगाड्याच्या काठावर पातळ फासली, वर झाकण दाबलं आणि उचललं. काळे डाग झाकणाच्या दोनच कोपऱ्यांना लागले होते.

"आमी इंजनाचं तोंड असंच बगतो. डाग नाय तिथं टेकत नाय. तुमचा खालचा सरळ हाय. वाकडा हाय तो वरचा."

"त्याला सर्टिफिकेट आहे."

"मग त्येच बसवा." त्याने सांगाडा उलटा केला. "ही भोकं कुणी खाल्ली?"

"तशीच आली होती," मी म्हणालो.

भोकाच्या कडेला चिकटलेला धातूचा ताजा कीस त्याने बोटावर घेतला, मला दाखवला आणि फुंकून टाकला. मग गरम पाण्यात बुडवून झाकण सरळ केलं आणि लांबट भोकांवर रुंद वायसर टाकले. "डावीकडं पट्टा जरा घासंल. ती भोकं नीट आली असती तर नसतं घासलं."

मोटारी माझ्याच होत्या. घरी आल्यावर तपासल्या.

संध्याकाळी पार्किंगमध्ये दादाने रणगाडा सोडला. तो चालला, पण डावीकडे ओढत.

"फसवलं तुला त्याने," दादा म्हणाला. "वाकडा बसवलाय."

"विचारतो त्याला."

रणगाडा सरळ ठेवायचा तर अंगठा सतत उजवीकडे रेटावा लागत होता. दादा मोऱ्याच्या फिटरला शिव्या देत तो रेटत होता. अंगठा थरथरत होता, पण दांडीवरून सुटत नव्हता.

आता रोज दादा विचारतो, फिटरला फोन केलास का. मी फोन न लावताच म्हणतो, उचलत नाही.