भोंगा बंद, बैठक चालू

रंगाच्या दुकानाच्या माळ्यावर महिन्यातल्या एका रविवारी शहरातले सगळे डिझाइनवाले जमायचे, आणि जमायचे ते भोंगाताईंमुळे. भोंगा हे नाव पाट्या लिहिणाऱ्या अक्षरवाल्या काकांनी ठेवलं होतं, तेही तोंडावर, आणि ताईंनी ते पदवीसारखं मिरवलं. आवाजच तसा होता. खाली दुकानात एखादं गिऱ्हाईक पिवळा रंग मागायचं, तर वरून उत्तर यायचं, "पिवळा नको, पस्तावाल!" गिऱ्हाईक मुकाट्याने फिकट क्रीम घेऊन घरी जायचं आणि दुकानदार कपाळाला हात लावायचा.

एरवी ताई घरी बसून औषधांची खोकी आणि साबणांची वेष्टनं आखायच्या. हे काम एकट्याने करायचं. सकाळी संगणकासमोर बसायचं, अंधार पडला की उठायचं, आणि मध्ये माणसाचा आवाज म्हणून कानावर काय, तर फोनवरून "नाव जरा मोठं करा ना, मॅडम." एकदा ताई दुपारभर एका साबणाच्या वेष्टनाशी भांडत होत्या. मोठ्याने, हातवारे करून. नवऱ्याने दारातून डोकावून विचारलं, "कोण आलंय?" कोणीच आलं नव्हतं. त्याच आठवड्यात ताईंनी दुकानदाराकडून माळ्याची किल्ली मागून आणली. आपल्यासारखे आणखी किती जण वेष्टनांशी भांडत बसले असतील, असं त्यांच्या मनात आलं.

माळा त्यांनी खोक्यासारखाच आखला. खुर्च्या मुद्दाम कमी. "बसलेला माणूस म्हणजे उभी करून ठेवलेली गाडी. हलतच नाही मेला!" चहाची किटली दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. चहा हवा तर अख्खी खोली ओलांडायची, आणि खोलीच्या मधोमध, कमरेवर एक हात ठेवून, ताई.

"अहोऽऽऽ, खांबासारखे काय उभे? इकडे या! ही आमची ॲपवाली. हिला टोकदार कोपरे सहन होत नाहीत. आणि हे फर्निचरवाले दादा, ह्यांना गोल कोपरे बघवत नाहीत. घ्या, भांडा!"

एवढं बोलून त्या पुढच्याला पकडायला जायच्या. थोड्या वेळाने बघावं, तर ते दोघं एकाच कागदावर काहीतरी खरडत असायचे. ओळख करून द्यायची ती माणसाला काय खुपतं ते सांगून, ही ताईंची रीत. कोणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "आवडी काय हो, सगळ्यांच्या सारख्याच. चीड मात्र ज्याची त्याची असते."

आणि एक दिवस तो भोंगा बसला. आधी खरखर, मग फट्‌, मग नुसती हवा. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर छोटीशी गाठ असल्याचं सांगितलं. "घाबरण्यासारखं काही नाही. पण दोन महिने एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने उलट ताण पडतो."

"पण डॉक्टर, माझी रविवारची—"

"हा शेवटचा शब्द," डॉक्टर म्हणाले.

नवरा मोजकं बोलणारा माणूस. घरात एकाने तरी श्वास घ्यायला हवा, असं तो लग्नापासून म्हणत आला होता. घरी आल्यावर ताईंनी कागदावर लिहिलं, "रविवार?" तो म्हणाला, "ढकल पुढे." ताईंनी खाली लिहिलं, "ढकलली की मोडली." थोडा वेळ पेन चावलं आणि मग लिहिलं, "मी मुकी असताना चालली तर पुढेही चालेल. नाही चालली तर किल्ली परत करते." नवऱ्याने ते वाचलं आणि भाजी चिरायला घेतली. ताई पेनाने टेबलावर टकटक करत बसल्या.

मग त्यांनी आठवडा घालवून ओळखपत्रं केली. जाड, मऊसर कागद. त्यावर प्रत्येकाच्या खुपण्याची एकच ओळ, गळ्यात अडकवायला बारीक दोरी. फार देखणी झाली. चूक झाली ती तिथेच.

रविवारी लोक आले, पत्रं गळ्यात घातली आणि एकमेकांच्या छातीकडे बघत उभे राहिले. छातीच्या वर तोंड असतं, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

"कागद कुठला हो? बोट सरकतंय बघा कसं."

"ओळ जरा वर हवी होती."

"वर? मी तर म्हणतो खाली!"

अक्षरवाले काका चष्मा कपाळावर चढवून प्रत्येकाच्या गळ्यातलं पत्र नाकाजवळ ओढत होते, त्यामुळे निम्मी मंडळी वाकून उभी होती. "अक्षरं दाटीवाटीने बसलीत. गुदमरतील बिचारी. भोंगाताई, तुम्ही सुद्धा?"

या सगळ्यात दाराशी एक मुलगी उभी होती. पहिल्यांदाच आली होती. पिशवी पोटाशी धरलेली, गळ्यात कोरं पत्र, कारण तिला काय खुपतं हे ताईंना कुठे ठाऊक होतं? आणि कोऱ्या पत्रावर टीका तरी कोण करणार? तिने किटलीकडे पाहिलं, मधल्या घोळक्याकडे पाहिलं आणि मग जिन्याकडे.

ताईंच्या ते लगेच ध्यानात आलं. तोंड उघडलं, आणि त्यांनी स्वतःच त्यावर हात दाबला. मग जोरजोरात टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, काका काहीतरी झकास बोलले असणार. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. काकांनी मान लववून त्या स्वीकारल्या.

मुलीने एक पाय पायरीवर ठेवला. ताईंचा हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. त्यांचा चेहरा असा पडलेला त्या माळ्यावर आजवर कोणी पाहिला नव्हता. आज पाहिला तो एकट्या ॲपवालीने.

"अहोऽऽऽ!"

अख्खा माळा दचकला. सगळ्या माना ताईंकडे वळल्या. ताईंचे ओठ मिटलेले. आवाज ॲपवालीकडून आला होता, कमरेवर एक हात, हनुवटी वर, तंतोतंत.

"असं काय करता, पत्रांचं लग्न लावायचंय का? आणि अगं ए पिशवीवाल्या मुली, जिना कुठे पळून जात नाही! इकडे ये. काय करतेस तू?"

"रुग्णालयातल्या पाट्यांवरचे बाण काढते," मुलगी पुटपुटली.

"आणि काय सहन होत नाही गं तुला?"

मुलीने पिशवी जरा खाली केली. "बाणाच्या शेजारी कोणीतरी लिहितं ना, 'कृपया बाणाकडे पाहा', ते. मग मी बाण काढला कशाला?"

काकांचा चष्मा कपाळावरून नाकावर पडला. "मोठं रुग्णालय? लिफ्टसमोर?"

"हो."

"ते मी लिहिलंय! त्यांनी लिहायला लावलं, बाई! मीही तेच म्हणत होतो! म्हणजे तो बाण तुझा?"

"अक्षरं तुमची?"

"अहोऽऽऽ," ॲपवाली म्हणाली, "एका पाटीवर नांदता आणि ओळख नाही? घ्या, भांडा!"

मग काय विचारता! ज्याला त्याला ताईंचा कंठ फुटला. फर्निचरवाले दादा घोगऱ्या आवाजात "मेला" म्हणायला लागले. खालून दुकानदारसुद्धा ओरडला, "पिवळा नको, पस्तावाल!" पत्रं दोऱ्यांना उलटी लटकत राहिली आणि लोक एकमेकांना दंडाला धरून नेऊ लागले.

बाणवाली चहा घेऊन आली आणि तिने हळूच विचारलं, "त्या किटलीपाशी कोण आहेत? केव्हाच्या गप्पच आहेत."

माळा हसून हसून हलला. मग दादा ताईंच्याच आवाजात म्हणाले, "ह्या होय? ह्यांना कोणी एकटं उभं राहिलेलं सहन होत नाही."

ताईंना एकाएकी किटलीचं झाकण नीट बसलंय की नाही हे बघायचं होतं. बराच वेळ लागला त्याला.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. नवरा न्यायला आला होता आणि कधी नव्हे तो ओरडत होता. "उघडलंसच ना तोंड! रस्त्यापर्यंत आवाज येतोय तुझा! डॉक्टर काय म्हणाले होते?"

ताईंनी दोन्ही हात वर केले आणि ॲपवालीकडे बोट दाखवलं.

"अहोऽऽऽ, जावईबापू! तुम्हाला काय सहन होत नाही ते सांगा आधी!"

तो दारातच थबकला. सगळे हसायच्या तयारीत.

"मला?" तो म्हणाला. "घर फार शांत झालंय हो."

ह्याची नक्कल कोणी केली नाही. ताईंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला. मग बाणवालीच्या गळ्यातलं कोरं पत्र मागून घेतलं, भिंतीला टेकवून त्यावर काहीतरी लिहिलं आणि काकांपुढे धरलं. काकांनी सगळ्यांना वाचून दाखवलं, "पुढच्या महिन्यातही मी मुकीच. तरी या. आणि मी 'अहो' इतकं लांबवत नाही."

"लांबवता," सगळे एका सुरात म्हणाले.

काकांनी पत्र आणखी जवळ धरलं, लांब धरलं. आता काय दोष काढतात म्हणून लोक वाट बघत राहिले.

"अक्षर मात्र आज बरं आलंय," ते म्हणाले आणि पत्र स्वतःच्या खिशात घातलं.