बाराचे पाच

मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्या आणि मी भिवंडीतल्या लूमवरून थेट दवाखान्याच्या खाटेवर. सातवीत शाळा सोडलेला माणूस, घर तिकडे नांदेडकडे, इथे कामतघरच्या खोलीत आम्ही सहा जण. डॉक्टरमॅडम म्हणाल्या, "तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड देऊ. संडासला किती वेळा जाता ते मोजून ठेवा. फरक नाही पडला तर पुढचं बघू."

पुढचं काय, ते शेजारच्या खाटेवरच्याने सांगितलं. "आतडंच काढतात."

झालं! आतडं द्यायचं नाही, मी ठरवलं.

आता लूमवर आमची एक सवय. विणलेला ताका तपासायला न्यायचा तर फॉल्ट घडीच्या आत घालायचे, आणि विचारलं की "दोनच हाय शेठ" म्हणायचं. तपासणारा पण पक्का, तो दोनाचे पाच धरतो. तीच अक्कल मी इथे चालवली. तिसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, तर बाराचे पाच केले.

"पाच? छान!" मॅडम लिहायला लागल्या. "म्हणजे स्टेरॉइड लागू पडतंय. तेच चालू ठेवू."

लादी पुसणारी मावशी जवळच्या अंबाडी गावाकडची. तिने पोछा भिंतीला टेकवला. "पाच कुठले वो मॅडम? सकालपासनं माझी ओली लादी यानं सहा येळा तुडवली हाय. रगत पन जातं, पानी मीच मारते ना!"

पेन थांबलं. "खरं किती?"

"बारा," मी म्हणालो. "पण आतडं नका काढू, मॅडम."

"अहो, असं लपवलंत तरच ती वेळ येईल! स्टेरॉइडने काम केलं नाही हे वेळेत कळलं, तर दुसरं औषध देता येतं."

आधी छातीचा एक्सरे काढला, दबलेला टीबी या औषधाने उठू शकतो म्हणून. मग इन्फ्लिक्सिमॅबची सलाइन दोन तास थेंब थेंब चढली. ते नाव तोंडात बसायला मला तीन दिवस लागले, तोवर बाराचे सहा झाले, सहाचे चार.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"चार."

त्यांनी मावशीकडे बघितलं. मावशीने मान हलवली, तेव्हा कुठे कागदावर चार पडले.

अजून ठरलेल्या तारखेला सलाइनला जातो. आतडं जागेवर आहे. वॉर्डातली लादी ओली दिसली की मी चपला हातात घेतो आणि भिंतीच्या कडेकडेने जातो.