सिंधूअक्काचा हुंकारा

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. ज्या मित्रांबरोबर धुळ्याच्या चौकाचौकात पत्रकं वाटली, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मी संतापी आहे. अहिराणीला गावंढळ म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. गावाकडचा माणूस दवाखान्यात शिरला की त्याला 'ए' म्हणणाऱ्यांचा येतो. 'आमची बोली ही आमची लाज नाही' असं पत्रक मी स्वतः लिहिलंय, लाल-काळ्या दोन रंगांत छापून जळगावच्या बसस्टँडवर वाटलंय. ते लिहिणारा मी, आणि त्या काचेमागे बसलेला मी — एकच का? दुर्दैवानं, एकच.

शिकून मी एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात नोकरीला लागलो. तिथे नवं यंत्र आलं होतं. माणूस त्यात झोपतो, कानात एकेक शब्द ऐकतो, मनातल्या मनात त्याला जोडून दुसरा शब्द शोधतो, आणि मेंदूचा जो भाग कामाला लागला तो चित्रात उजळतो. अट एकच — डोकं हलता कामा नये. ज्वारीच्या दाण्याएवढं हललं तरी एक चित्र दुसऱ्यावर बसत नाही. छापताना कागद सरकला की लाल अक्षर काळ्याच्या बाहेर सांडतं, तसं. मग संगणकावर प्रत्येक चित्र सरकवून पहिल्यावर नीट बसवायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर डोक्याच्या हालचालीबरोबर जे जे उजळलं, ते खोटं समजून पुसून टाकायचं. हे काम माझं होतं. मला ते चांगलं येत होतं.

पाचोऱ्याकडची सिंधूअक्का तिथे आली. आठवडे बाजारात शेंगा विकणारी बाई. गिऱ्हाईक पुढे गेलं तरी त्याला बोलून बोलून परत आणणारी. झटके यायला लागले, जळगावच्या डॉक्टरांनी मेंदूत डाव्या बाजूला गाठ आहे म्हणून आमच्याकडे पाठवलं. गाठ काढता येणार होती. पण बोलण्याची जागा तिला चिकटून असेल, तर वाचा जायची भीती. ती जागा कुठे आहे हे आमच्या चित्रांवरून सर्जन ठरवणार होते. म्हणजे बघा — तिची जीभ आमच्या हातात होती.

बाहेरच्या बाकावर तिनं माझं आडनाव ऐकलं आणि चेहरा फुलला. "तू आपलाकडला शे ना रे भाऊ?"

मी इकडे तिकडे पाहिलं. "हो. पण इथे मराठीत बोला, बाई."

बाई! आमच्याकडे कुणी थोरल्या बहिणीसारखीला असं म्हणतं का?

यंत्र सुरू झालं. शब्द आला, आणि तिची मान हलली. पुढचा शब्द — पुन्हा. मी माइकवरून पुस्तकी भाषेत बजावलं, "डोकं स्थिर ठेवा." ती दगडासारखी स्थिर झाली. शब्द आला, मान हलली.

माझ्या शेजारी बसलेले आमच्या विभागाचे साहेब काचेतून बघत हसले. "तुझी पाहुणी कीर्तनाला आलीये का रे? डोलतेय बघ."

सगळे हसले. मीही हसलो — सांगतोच, मीही हसलो.

कारण मला कळलं होतं ती काय करतेय. ती हुंकारा देत होती. आमच्याकडे कुणी बोलायला लागलं की ऐकणाऱ्यानं 'हां' म्हणायचं, मान हलवायची. नाही तर तो बोलणाऱ्याचा अपमान. लहानपणी मी गप्प बसलो की आई ओरडायची, "हुंकारा दे ना! भीतसंगे बोलस का मी?" — भिंतीशी बोलतेय का मी, असं. अक्काला तोंड उघडायची मनाई होती, म्हणून ती नुसत्या मानेनं मान राखत होती. कुणाचा? कानात शब्द सांगणाऱ्या आवाजाचा. तो आवाज माझा होता.

एक वाक्य पुरलं असतं. "अक्का, हुंकारा दिऊ नको." माइक माझ्या तोंडासमोर होता. पण ते वाक्य अहिराणीतच म्हणायला हवं होतं, आणि त्या खोलीत, साहेबांसमोर, इस्त्रीच्या शर्टांसमोर — माझी जीभ उचलली नाही. साहेबांनी विचारलंही, "तुझ्याच भागातली ना? असं का करते?"

मी म्हणालो, "अडाणी आहे, सर. कळत नाही तिला."

इतकं बोलून थांबलो असतो तरी एक वेळ — नाही, तरीही नाहीच. मी ती चित्रं सुधारायला बसलो. आता नीट ऐका, कारण इथेच सगळं आहे. ती शब्दागणिक मान हलवत होती, आणि शब्दागणिकच तिचा मेंदू बोलण्याचं काम करत होता. दोन्ही एकाच वेळी. मानेबरोबर उजळलेलं पुसायचं, तर बोलणंही पुसलं जाणार. संगणकाला यातला फरक कळत नाही. मला कळत होता. तरी मी पुसलं. चित्र स्वच्छ निघालं, गाठीभोवती कुठे काही उजळलेलं नाही. साहेब म्हणाले, "वा, सुरेख." 'हे चित्र भरवशाचं नाही, पुन्हा घ्यावं लागेल' असं मी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न 'का?' असता.

सर्जनांनी भरवसा ठेवला. गाठ निघाली. झटके थांबले. शब्द गेले.

तुम्हाला संताप येतोय? मलाही येतो. साहेबांचा येतो, त्या हसण्याचा येतो, पण तो संताप फिरून फिरून माझ्या खोलीत येऊन बसतो आणि हलत नाही.

पुढे सुट्टीत पाचोऱ्याला त्यांच्या घरी गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. तिचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. नाना म्हणतात त्यांना. त्यांनी खाटेवर चादर अंथरली, चहा ठेवला. अक्का दाराशी बसून माझ्याकडे बघत होती. ऐकलेलं तिला सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

नानांनी भीत भीत विचारलं, "भाऊ, मशीनमा काही चुकनं का?"

मी म्हणालो, "मशीन नाही चुकलं, नाना. त्या हलल्या."

नानांनी माझ्यासमोर हात जोडले. "माफ करज्या भाऊ, तिले समजनं नही."

अक्कानं तोंड उघडलं. काही निघालं नाही.

मी म्हणालो, "असू द्या नाना, होतं असं." आणि चहा प्यायलो.