खिडकीतले हातमोजे

आमच्या ऑफिसच्या पँट्रीत, खिडकीच्या दोरीवर रबराचे पिवळे हातमोजे चिमट्याने लावलेले असतात. ते साफसफाई करणाऱ्या शांतामावशींचे. मावशी मात्र फिनेलच्या बादलीत उघडेच हात घालतात, फडकं पिळतात. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्यात, तळव्यांची सालं निघालीत.

आज चहाच्या वेळी मी विचारलं, "मावशी, डॉक्टरांनी मोजे घालायला सांगितलंय ना?"

"घातले की फाटतात, साहेब. सुपरवायझर दर महिन्याला तपासतात, मोजे धड आहेत का ते."

उकळत्या चहाचा स्टीलचा पेला त्यांनी मुठीत घट्ट धरला होता.

"भाजत नाही?"

"आता कळत नाही."

मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकी वर्षं ही चकचकीत फरशी तुडवतोय. ती कशाने चकाकते, हे मलाही कळेनासं झालंय. वाऱ्याने मोजे फुगले होते, पाचही बोटं ताठ, एक ओरखडासुद्धा नाही.

"पण हातांचं काय?"

मावशींनी पेला विसळला, हात पदराला पुसले.

"मोजे कंपनीचे, साहेब. फाटले तर जाब द्यावा लागतो. हात काय, आपलेच आहेत."