साडूची ऐरण, माझं टेबल

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. माझा साडू किसन धडधाकट माणसांबद्दलही कधी चांगलं बोलला नाही, तेव्हा त्याच्यासाठी हा नियम पाळला तर आधी तोच खो खो हसेल. दीड महिन्यापूर्वी सकाळी मी दाढी करत होतो आणि टेंभुर्णीहून फोन आला. बायकोनं तो घेतला आणि माझ्याकडं वळली. "दाजी गेले..." मी उरलेली अर्धी दाढी पूर्ण केली. खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो हा की आता मला 'कागदी लोहार' म्हणणारं कुणी उरलं नाही. बरं वाटलं. लिहिताना मी त्याला एकेरीतच बोलणार आहे. तीस वर्षं तोंडावर अहो-जाहो केलं, ते पुष्कळ झालं.

आम्ही दोघंही लोहारांचीच पोरं. माझ्या वडिलांनी ऐरण मोडीत घातली, मला शिकवलं, आणि मी जालन्याला आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकवायला लागलो. किसन गावातच राहिला. वखराच्या लोखंडी पासा, विळे, कुऱ्हाडी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टवाळी, एवढंच त्याचं जग. घरची ऐरण विकून नोकरीला लागलेला माणूस त्याच्या लेखी माणसातच जमा नव्हता. मलाही त्याच्याबद्दल काही कमी तुच्छता नव्हती. सातवी नापास, गालात कायम तंबाखूची गोळी, आणि तोरा असा की जणू लोखंड यानंच शोधून काढलं. आमच्या लग्नातल्या फोटोत आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे आहोत, अगदी सारख्या उंचीचे. किसनचं म्हणणं, तो माझ्यापेक्षा दोन बोटं उंच. फोटोवाल्यानं मला विटेवर उभं केलं होतं. हे तो बारशापासून मयतीपर्यंत कुठंही सांगायचा.

बारा वर्षांपूर्वी त्याच्या ऐरणीखालचा लाकडी ठोकळा वाळवीनं आतून पोखरला. ऐरण एका अंगाला कलली. घाव घसरून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं चेचली गेली. पुन्हा एकदा असं झालं असतं तर हातच गेला असता, आणि हात गेला तर चूल बंद. बायको मला म्हणाली, "पोरांना शिकवता ना? मग अक्काच्या घरासाठी एवढं करा की." अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, किसनची बायको. मला तेवढंच निमित्त हवं होतं. त्याची काळजी कमी होती, त्याला दाखवून द्यायची हौस जास्त होती.

ऐरणीखाली ठेवायच्या लोखंडी स्टँडसाठी मोंढ्याजवळच्या भंगारातून जाड अँगल आणला, चार पाय कापले, वर जाड प्लेट बसवली, आडव्या पट्ट्या वेल्डिंग केल्या. पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मधोमध. राहिला उंचीचा प्रश्न. सरळ उभं राहून हात खाली सोडायचा, मूठ वळायची, आणि बोटांची पेरं जिथं टेकतील तिथं ऐरणीचं तोंड यायला हवं. ज्याची ऐरण, त्याचंच माप. किसन काही मापाला उभा राहिला नसता. मग मी फोटोवर भरवसा ठेवला आणि माझ्या मुठीचं माप धरलं.

जीपच्या टपावर बांधून ते धूड टेंभुर्णीला नेलं. चपला बाहेर काढल्या, चौघांनी मिळून ऐरण वर ठेवली. पेरणी तोंडावर आलेली, पासा घेऊन आलेली आठ-दहा माणसं दारात बसली होती. किसननं हातोडा उचलला, पहिला घाव घातला आणि माझं स्टँड डुगडुगलं. माझ्या वर्कशॉपची जमीन सिमेंटची, त्याची मातीची, खालीवर. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

किसननं हातोडा शांतपणे खाली ठेवला.

"मास्तर, चूल किती दगडांची असती?"

"तीन."

"काहून? बायकायला चौथा दगड सापडून नाही राह्यला म्हणून?"

माणसं हसून हसून लोळायची बाकी राहिली. तीन पायांचं कधी डुलत नाही, हे मी वर्गात फळ्यावर शिकवत होतो! पण तेवढ्यावर थांबेल तो किसन कसला. "अन् उंचीबी बघा. दोन बोटं ठेंगणं. तुमच्या मापाचं हाये बिलकुल."

मी म्हणालो, परत नेतो, एक पाय काढून आणतो. त्यानं नेऊ दिलं नाही. ते स्टँड दारात मांडलं, डुलणाऱ्या पायाखाली दगडाची कपची सारली आणि वर पाण्याचा रांजण ठेवला. बारा वर्षं जो पाणी प्यायला वाकला त्याला ऐकवलं, "सांभाळून बरं, मास्तरचं टेबल हाये." ऐरणीसाठी त्यानं स्वतः बाभळीचा बुंधा आणून हातभर जमिनीत गाडला. ती ऐरण पुन्हा तसूभर हलली नाही, त्याचा हातही शाबूत राहिला. हे मी मान्य करायचो, पण मनातल्या मनात. गेल्या दिवाळीला भेटलो तेव्हा खाटेवर होता, धाप लागत होती. तरी बोललाच... "टेबल अजून डुलून राह्यलं, मास्तर." मी उठून आलो. तीच शेवटची भेट.

दहाव्याला भाषणं झाली. 'मोठ्या मनाचा माणूस' असं कुणीतरी म्हणालं. मला ते ऐकवेना. उठलो आणि त्याच्या दुकानात गेलो. सवयीनं चपला बाहेर काढल्या. ऐरणीजवळ उभा राहिलो, हात खाली सोडला, मूठ वळली. पेरं ऐरणीच्या तोंडावर नेमकी टेकली. ताठ होऊन पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. एका केसाचाही फरक नाही.

दारात अक्का उभ्या होत्या. "काय बघून राह्यले, भाऊजी? बराबरच येनार. तुमच्याच टेबलाचं माप हाये ते. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर त्यायनं टेबलाला तुराटीची काडी लावली, तिथंच मोडली, अन् तेवढाच ठोकळा वर ठेवला. मला म्हणले, मास्तरला सांगू नको, डोक्यावर मिरे वाटतीन."

हरामखोर! बारा वर्षं माझ्या मापावर घाव घातले आणि बारा वर्षं मलाच ठेंगणा म्हणाला. संतापानं कान तापले, आणि त्याच संतापात डोळे भरून आले. त्याला तोंडावर खोटं पाडायची संधी आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती, आणि पाडायला तोच जागेवर नव्हता.

पाणी प्यायला बाहेर रांजणाशी गेलो. वाकलो तर टेबल डुललं, पाणी हिंदकळलं. दहाव्याच्या गर्दीत कुणाच्या तरी पायानं कपची उडाली होती. इकडंतिकडं पाहिलं, एक चपटा दगड उचलला, गुडघ्यावर बसून पायाखाली सारला. डुलायचं थांबलं. आतून कुणी हसलं नाही.