गॅलरीतला चाळीसचा दिवा

एरवी जेवताना कुणी कितीही बडबड केली तरी आमच्या वन्संना चालतं. फक्त रेडिओवर प्रादेशिक हवामान सुरू झालं की ताटातला घास ताटात आणि तोंडातला तोंडात राहतो. निवेदिका गोड आवाजात "किनारपट्टीवर पहाटे दाट धुके" म्हणते आणि वन्सं तिच्याशी भांडायला लागतात.

"दाट म्हणे. मी मध्यम कळवलं होतं."

"आत्या, तिचा आवाज तुझ्यापेक्षा गोड आहे, म्हणून जळतेस तू," माझी लेक म्हणते.

"आवाज गोड असून काय करायचंय? खिडकी कुठाय तिच्याकडे?"

खिडकी आहे ती वन्संकडे. धक्क्यावर, बोटीच्या तिकीटघराच्या माडीवर हवामान खात्याची एक खोली आहे, तिथे त्या इतकी वर्षं काम करतात की नवे खलाशी त्या खोलीला 'ताईंची खोली' म्हणतात. पहाटे अंधारात घरातून निघायचं, तापमापक बघायचा, वारा बघायचा, खिडकीतून नजर कुठवर पोचते ते बघायचं आणि शहरातल्या ऑफिसला कळवायचं. लग्नाचा विषय कुणी काढलाच तर म्हणायच्या, "वेळ कुठे होता? पहाटेची नोंद काय नवऱ्याने घेतली असती?" मग लोकांनी विषय काढणंच सोडलं.

नजर कुठवर पोचते हे मोजायचंही एक शास्त्र आहे, ते मला लग्न होऊन आल्यावर कळलं. अंधारात ठरलेले दिवे बघायचे असतात. कुठला दिवा किती लांब आहे, किती ताकदीचा आहे, हे आधीच माहीत असतं. जो दिसला तिथवर नजर पोचली, जो दिसला नाही तिथे धुकं जिंकलं. खाडी ओलांडणारी सकाळची बोट सोडायची की नाही, हे ठरवणारा दिवा पूर्वी बर्फाच्या कारखान्याचा होता. कारखाना बंद पडला, दिवा गेला. मग वन्संनी उतारावरचं आमचं घर सुचवलं. ऑफिसातून माणूस आला, अंतर मोजून गेला, आणि आमच्या गॅलरीतला चाळीसचा बल्ब सरकारी कामाला लागला.

खरं तर बल्ब नव्हे, सासूबाईच कामाला लागल्या. वन्सं निघाल्या की दिवा लावायचा आणि त्यांचा फोन आला की विझवायचा. फोनवर दोनच शब्द. "दिसला, आई." तेवढ्यासाठी सासूबाई शाल गुंडाळून खुर्चीत बसून राहायच्या. मी एकदा म्हटलं, "आई, तुम्ही झोपा, मी लावते." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी घराच्या किल्ल्या मागितल्या होत्या.

त्या वर्षी मात्र शाल लागलीच नाही. ऐन थंडीत थंडीचा पत्ता नव्हता. रजया काढल्या, उन्हात घातल्या आणि तशाच परत कपाटात गेल्या. रात्री पंखा लावावा लागे. हवा इतकी दमट की मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसायचा, बिस्किटं नरम पडायची आणि दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही ओले ते ओलेच. आणि या सगळ्याचा जाब लोक विचारणार कुणाला? वन्संना. कोपऱ्यावरचा लोकरीच्या कपड्यांचा दुकानदार त्यांना बघितलं की दारात येऊन उभा राहायचा.

"ताई, थंडी कुठे अडकवून ठेवलीत?"

"मी फक्त बघते हो. पाठवणारे वेगळे."

"मग जरा थंड नजरेने बघा की. स्वेटर आता मी उशीत भरतो."

दमट हवा आणि गार पाणी एकत्र आलं की धुकं येणारच, असं वन्सं सांगत होत्या. तसं ते येतही होतं, पण बेताचं. आमचा दिवा रोज दिसत होता, बोट रोज सुटत होती. म्हणून लेकीच्या मुलाखतीची आम्ही कुणी काळजी केली नाही.

मुलाखत नर्सिंग कॉलेजची होती, खाडीच्या पलीकडे. ही कल्पना मुळात वन्संचीच. पोरगी कुणाचं बोट कापलं तर न घाबरता हळद शोधते, हे घरात आधी त्यांनीच हेरलं. लहानपणापासून ती झोपायची त्यांच्याच खोलीत, तिच्या वेण्यांपासून तिच्या रागापर्यंत सगळं त्यांनाच ठाऊक. महिनाभर रात्री दोघी समोरासमोर बसून मुलाखतीचा सराव करत होत्या. वन्सं मुद्दाम खवचट प्रश्न विचारायच्या आणि पोरगी चिडली की म्हणायच्या, "हं, नापास. रोगी यापेक्षा वाईट बोलतात."

आदल्या संध्याकाळी रेडिओ लागला. अवेळी उकाडा कायम, आणि किनारपट्टीवर पहाटे दाट ते अतिदाट धुके. वन्सं या खेपेला निवेदिकेशी भांडल्या नाहीत, तेव्हाच मी एसटीचं वेळापत्रक शोधायला उठले. खाडीला वळसा घालून जाणारी रात्रीची एसटी तोवर निघून गेली होती. सकाळची पहिली गाडी पलीकडे पोचेपर्यंत मुलाखती निम्म्या आटपल्या असत्या. वेळेवर पोचवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बोट.

"उद्या जरा डोळे मोठे करून बघ," सासूबाई वन्संना म्हणाल्या.

"आहेत तेवढेच आहेत, आई."

"पोरीचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणते," असं म्हणून वन्सं ताट घेऊन उठल्या.

पहाटे त्या नेहमीप्रमाणे निघाल्या. मी लेकीची वेणी घालून, चहा देऊन, तिला तिच्या बाबांबरोबर धक्क्याकडे पाठवलं आणि गॅलरीत आले, तर डोळेच दिपले. आमच्या चाळीसच्या जागी एक भला थोरला बल्ब भकभकत होता. मागच्या अंगणातला, दोनशेचा. भोवती धुक्याचं एवढं मोठं तेजोवलय, आणि त्याखाली खुर्चीत सासूबाई.

"आई, हा इथे कसा?"

"तुझ्या नवऱ्याने लावून दिला. बरा मुलगा आहे, आईला उलट विचारत नाही."

"पण वन्संनी सांगितलंय ना, बल्ब बदलायचा नाही म्हणून?"

"दिवा दिसला की बोट सुटते, एवढंच ना? मग दिसू दे की. आणि तिला एवढ्या धुक्यातून काय कळणार आहे, चाळीसचा का दोनशेचा?"

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला.

"वहिनी," वन्सं शांतपणे म्हणाल्या, "आपल्या घराला आग लागलीय का, ते आधी सांग."

"नाही लागली."

"मग आईला दे."

सासूबाईंनी फोन कानापासून लांब धरला. दोन्ही बाजूंचं मला ऐकू येत होतं.

"दिसला ना दिवा? मग कळव की."

"दिसला. पण आपल्या खालच्या बेकरीचा दिसत नाहीये. अलीकडचा नाही आणि पलीकडचा दिसतोय, असं धुकं मी अजून पाहिलं नाही."

"बेकरीवाला झोपला असेल."

"आई, पावाचा वास इथवर येतोय."

खालून खरोखरच खमंग वास येत होता. सासूबाईंचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "अगं, पोरगी तिथे उभी असेल ना."

"आहे. खिडकीखालीच उभी आहे. तिच्या केसांवरचे थेंबसुद्धा दिसतायत मला. तिच्याबरोबर बोटीत आणखी चाळीस-पन्नास माणसं चढायची आहेत, आई. बोट बंदचा लाल दिवा लावतेय मी."

फोन बंद झाला. सासूबाईंनी बटण दाबलं. गॅलरीत आधी अंधार झाला आणि मग नुसतं धुकं उरलं.

पुढचं मला नवऱ्याने सांगितलं. लाल दिवा लागला तशी माणसं कुरकुरत पांगली. वन्सं जिना उतरून खाली आल्या. पोरगी तोंड फिरवून उभी होती.

"तूच म्हणाली होतीस ना, जा म्हणून?"

"म्हणाले होते."

"मग?"

"पोच, असंही म्हणाले होते." एवढं बोलून वन्संनी तिची पाठ धरून तिला एसटीच्या दिशेने वळवलं. गाडी सुटायच्या बेतात होती. पुढची नोंद घ्यायची असल्यामुळे त्यांना बरोबर जाता येत नव्हतं. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी खिडकीतून आत दिला. यंत्रांच्या काचा पुसायचा टॉवेल. "केस पुसून आत जा. आणि चिडू नकोस, नापास करतील." गाडी दिसेनाशी व्हायला वेळ लागला नाही. पण नवरा म्हणाला, ती दिसेनाशी झाल्यावरही ताई कितीतरी वेळ तिकडेच बघत होती.

दुपारी वन्सं परतल्या तेव्हा सासूबाईंनी ताट वाढलं, पण पाणी ठेवलं नाही. वन्संनी स्वतः उठून घेतलं आणि आईच्याही भांड्यात ओतलं. रेडिओ त्या संध्याकाळी कुणीच लावला नाही.

दिवेलागणीला लेक आली. बोट बंद म्हणजे आपल्या काठावरची सगळीच मुलं रखडली होती. कॉलेजवाल्यांनी त्या सगळ्यांना दुपारनंतर बसवलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हातात हा कळकट टॉवेल कसला?" मग ती सांगत गेली. आत्या, खिडकी, दिवे आणि आजीचा दोनशेचा बल्बसुद्धा.

"माझंही सांगितलंस?" सासूबाई दचकल्या.

"त्या हसून हसून बेजार झाल्या, आजी. मग त्यांनी विचारलं, तू आत्याच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"काय म्हणालीस?" हे वन्संनी विचारलं, पण तिच्याकडे न बघता.

"म्हटलं, लाल दिवा लावला असता. आणि मग जिन्यात बसून रडले असते."

"मी नाही रडले," वन्सं म्हणाल्या.

"बाबांनी बघितलंय."

"तुझ्या बाबाला धुक्यात काय दिसतंय?" वन्सं उठल्या आणि जाता जाता त्यांनी पोरीच्या डोक्यावर एक टपली मारली.

तिला प्रवेश मिळाला. आता रोज सकाळच्या बोटीने जाते. चाळीसचा बल्ब त्याच दिवशी जागेवर गेला होता, सासूबाईंनी स्वतः उभं राहून लावून घेतला. मला वाटलं, विषय संपला. पण नात बोटीत बसायला लागल्यापासून सासूबाईंचं धोरणच पालटलंय. जराशा धूसर पहाटेही त्या गॅलरीतून धक्क्याकडे बघत पुटपुटतात, "आज सोडायला नको होती." फोनवर वन्संना बजावतात, "नीट बघितलंस ना? पुन्हा बघ. पोरगी आहे बोटीत."

परवा पहाटे फोन वाजला, मी उचलला.

"वहिनी, आकाश स्वच्छ आहे, बेकरी दिसतेय, पाण्याची टाकी दिसतेय. आपलाच दिवा तेवढा दिसत नाहीये. आईने गॅलरीत काडेपेटीची काडी पेटवून ठेवलीय का?"

मी बाहेर जाऊन बघितलं. देवघरातला छोटा झिरोचा बल्ब मिणमिणत होता, आणि खाली खुर्चीत सासूबाई, मांडीवर चाळीसचा बल्ब घेऊन, साळसूद चेहऱ्याने बसल्या होत्या.