सोमवारची गिटार

अक्कांच्या डाव्या हातात काचेच्या बांगड्या असत, उजवा हात रिकामा. कुणी विचारलं तर म्हणत, "वाजवताना मधेच बोलतात त्या. कुणी बोलावलंय त्यांना?"

नेसरी गावाहून कोल्हापूरला शिकायला आले तेव्हा मी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, अक्कांच्या माडीवर भाड्याने राहिले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि गिटार वाजवणारी बाई मी पाहिली तीही पहिलीच. तरुणपणी त्या ऑर्केस्ट्रात वाजवत. तेव्हा इथे दुसरी कुणी बाई त्या वाद्याला हात लावत नव्हती. निवेदक दर वेळी "आमच्या गायिका" अशी त्यांची ओळख करून द्यायचा. "एकदा माईकच हिसकावला आन् सांगितलं, पावणं, मला गाता येत न्हाय!"

कुणा परदेशी बाईच्या जुन्या कॅसेटवरून त्या ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची दुखरी गाणी, वाजवायला शिकल्या होत्या. शब्द कळत नव्हते. शेजारच्या कारखान्यात लेथवर कातून घेतलेली पितळी नळी बोटात घालून त्या तारांवरून सरकवत, आणि तार माणसासारखी कण्हायची.

"अक्का, हे रडगाणं आहे का?"

"न्हाय गं. रडून झाल्यावर आपण च्या टाकतो का न्हाय, तसलं हाय."

सोमवारी मात्र त्या गिटारला शिवत नसत. लिंगायत घर, म्हणून महादेवाचा वार पाळत असतील असं मला वाटलं. मीही त्या दिवशी मोबाइलवर गाणी लावत नसे. वर्षभराने विचारलं, तर अक्का पोट धरून हसल्या. सोमवारी कारखाना बंद असे. एरवी तिथल्या पत्रा कापणाऱ्या प्रेसचा ठोका भिंतीतून यायचा, आणि अक्कांनी स्वतः बांधलेल्या धुनेत त्या ठोक्यासाठी जागा मोकळी सोडलेली होती. "व्रत कसलं? ठोका नसला की तोल जातोय माझा!"

पुढे कारखाना गावाबाहेर हलला. अक्कांना रोजच सोमवार झाला. त्यात बोटं आखडू लागली, आणि ती धून कुठेच उतरवून ठेवलेली नव्हती. पदवीचे पेढे घेऊन गेले त्या दिवशी मी हट्टच धरला, की ती मला मोबाइलवर रेकॉर्ड करून हवी.

"आन् ठोका कोण देणार?"

मी स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि फरशीवर आपटला. अक्कांनी पाहिलं, नळी बोटात चढवली. चार ठोके मी बरोबर दिले. मग ऐकतच राहिले.

"प्रेसवाला झोपला काय गं?" अक्का ओरडल्या, पण हात थांबला नाही.

अक्का गेल्या वर्षी गेल्या. मी आता शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत कधी कधी ती धून लावते. तो ओरडा येण्याच्या जरा आधी, राहिलेल्या ठोक्याच्या जागी, माझं बोट डब्याच्या झाकणावर पडतं. तरी अक्का ओरडतातच.